मास्तर थांबायचे तिथे

"लाइट गेली," आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली. "म्हणजे मास्तर आज रजेवर."

लाइट गेल्याचं मला स्वयंपाकघरात आधीच कळलं होतं. इचलकरंजीत त्यासाठी दिव्याकडे बघावं लागत नाही. आमच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. वीज असेपर्यंत त्याचा खटखटाट आमच्या भांड्यांत, खिडक्यांच्या काचांत, अगदी दातांत असायचा. वीज गेली की तो एका क्षणात थांबायचा आणि घर परकं वाटायला लागायचं. पलीकडच्या गल्लीत कुणी बादली टेकवली तरी ऐकू यायचं.

मी साखरेच्या डब्याला पुस्तक टेकवून चहा पीत होते.

"राहू दे की मग आजचा दिवस," मी म्हणाले.

"मास्तर रजेवर म्हणून शाळा बंद? ते पुस्तक पालथं घाल आणि ये. तू तोंडासमोर पुस्तक धरलंस की दार लावून घेतल्यासारखं वाटतं मला."

"दार उघडंच असतं."

"हो तर. कडी तेवढी लावलेली असते. ये."

बाहेरच्या खोलीत तिनं दिवाण भिंतीकडे सरकवून ठेवला होता. आयुष्यभर साडीत वावरलेल्या माझ्या आईनं या व्यायामासाठी म्हणून म्हातारपणी पहिला पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता, आणि तो अंगावर असताना दूधवाला आला तरी ती दाराआड उभी राहून पातेलं पुढं करायची. ती टीव्हीसमोर उभी राहिली. मी तिच्या मागं, जरा उजवीकडे. माझी जागा ठरलेली होती.

आदल्या वर्षी धुण्याच्या दगडापाशी ती घसरून पडली. हाड वाचलं, पण डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळायचा काहीतरी व्यायाम करा. माझा भाऊ शिरीष पुण्याला असतो. त्यानं इंटरनेटवर शोधून ताय-चीचा एक व्हिडिओ काढला. आमच्याकडे नेट पाहुण्यासारखं यायचं आणि पाहुण्यासारखंच जायचं, म्हणून त्यानं तो पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावून दिला. करड्या भिंतीसमोर पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा गृहस्थ, मागं बासरीसारखं काहीतरी, आणि त्याचे ते पाण्यातून फिरवल्यासारखे हात. तो क्वचित बोलायचा, तेही त्याच्या भाषेत. खाली इंग्रजी अक्षरं यायची ती आईला दिसायची नाहीत. तिनं त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि प्रत्येक हालचालीला स्वतःची नावं ठेवली. एक हात वर, एक खाली करून मागं रेलायचं ते दोरीवरची साडी काढणं. हात आलटून-पालटून पुढं करत मागं मागं जायचं ते पंगतीतलं नको-नको. छातीशी एक हात वर आणि एक हात खाली, मधे काहीतरी गोल धरल्यासारखे, ती कळशी.

मी सुरुवातीला तिच्या मागं नुसती उभी राहायचे, तिचा तोल गेला तर धरायला. नुसतं उभं राहणं आईला कधीच खपलं नाही. "उभीच आहेस तर हात हलव," ती म्हणाली. मी टीव्हीकडे कधी नीट बघितलंच नाही. ताय-ची मी आईच्या पाठीकडून शिकले.

सगळा वेळ बोलायचं नाही, असा तिचा नियम होता. फक्त एका जागी सूट होती. पंगतीतलं नको-नको संपलं की कळशी धरायची, सगळा भार एका पायावर, दुसऱ्याची फक्त बोटं टेकलेली. इथं मास्तर थांबायचे. चांगले थांबायचे. बासरी चालू असायची, पण मास्तरांचा डोळासुद्धा लवायचा नाही. आणि मग एकदम, ज्या माणसानं तोवर कशाचीही घाई केली नव्हती, तो दुसऱ्या बाजूला वळून पुढच्या हालचालीत अर्ध्यावर पोचलेलाही असायचा. त्याला गाठायला आम्ही दोघी गर्रकन वळायचो. आईची वेणी उडायची. "इथं तेवढी घाई असते मास्तरांची," ती म्हणायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी बाई, जगातलं काय काय वाचलेलं, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. संथपणानंतर वेग, असं काहीतरी त्यांचं तत्त्वज्ञान असेल, असं मी समजून चालले.

त्या थांबण्याला आई 'होल्ड' म्हणायची. ती टेलिफोन ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळापासून बोर्डावर बसलेली. मी लहान असताना ती घरी येऊन सांगायची, लाइन लागेपर्यंत माणसं ऑपरेटरशी काय काय बोलतात ते. कुणाचा बाप आजारी, कुणाची मुलगी नांदत नाही. "ज्याच्याशी बोलायला फोन लावलाय त्याला ती दोन शब्दांत उरकतात," ती म्हणायची, "पण होल्डवर असताना सगळं सांगतात. नुसतं थांबवून ठेवावं लागतं माणसाला."

त्या दिवशी मास्तर नव्हते, बासरी नव्हती, माग नव्हते. आमच्या पावलांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. साडी काढून झाली. नको-नको झालं. एकदा तिचा टाचेवरचा भार हलला तशी मी हात पुढं केला.

"पडत नाही मी," ती मागं न बघता म्हणाली. "हं. होल्ड."

आम्ही कळशी धरली.

"काल झोप लागली?"

हा प्रश्न रोज याच जागी यायचा.

"लागली की. तुझं घोरणं ऐकत."

"मी घोरत नाही. माझा श्वास भरदार आहे."

"कारखान्यातले कामगार तक्रार करतात म्हणे."

"त्यांना म्हणावं, तुमचे माग बंद ठेवा, मी श्वास बंद ठेवते."

हेही रोजचं होतं. एरवी एवढ्यात मास्तर वळायचे. त्या दिवशी वळायला कुणी नव्हतं.

"आई, झालं ना?"

"लाइन आज माझ्या हातात आहे. धरून राहा."

"हात भरून आले."

"येऊ देत." तिनं दुसऱ्या पायाची बोटं नीट टेकवली. मग आवाज न चढवता म्हणाली, "सुमे, खरंच लागते का गं झोप?"

पलीकडे कुणीतरी राखेनं भांडं घासत होतं. आईची पाठ माझ्यासमोर होती. ती वळली नाही. मानेवरचे सुटलेले केस, खांद्यांवर सैल बसलेला तो पोपटी ड्रेस, आणि हवेत धरलेली कळशी. मी सांगलीहून, नवऱ्याच्या घरून, एका बॅगेनिशी परत आले होते तेव्हा तिनं दार उघडलं, बॅग माझ्या हातातून घेतली आणि विचारलं होतं, "जेवलीस?" त्यानंतर त्या घराबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता. मीही नाही.

"लागते," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि वेणी उडवत गर्रकन वळली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना ती दळण घेऊन गिरणीत गेली. गर्दी होती म्हणून बाकावर बसली. नंबर आल्यावर गिरणीवाल्यानं हाक मारली तेव्हा ती भिंतीला टेकून तशीच बसलेली होती. मी धावत पोचले तेव्हा त्यानं आमचा डबा बाजूला काढून ठेवला होता. दळून. मी झाकणावर हात ठेवला तर पीठ अजून गरम होतं.

नंतरचे दिवस माणसांनी भरलेले होते. शिरीष आला, त्याची बायको आली, आईच्या ऑफिसातल्या बायका आल्या. दिवाण परत खोलीच्या मधोमध आला. येईल तो मला म्हणायचा, रड, मोकळी हो. मी चहा करत राहिले. मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. ही माणसं गेली की मी दिवाण सरकवणार होते आणि पेन ड्राइव्ह लावणार होते. बाकी सगळं संपल्यासारखं होतं. तिचा चष्मा, तिचा डबा, तिच्या साड्या. कशालाही हात लावला की ते संपलेलंच हाताला लागायचं. पण त्या व्हिडिओत ती जागा होती. तिथं मास्तर थांबतील, मी कळशी धरीन, आणि माझ्यापुढं तिची जागा असेल. तेवढं मला पुरणार होतं, असं वाटत होतं.

दिवसकार्य झालं. शिरीषची बायको मुलांच्या शाळेसाठी पुढं गेली. तो आणखी एक दिवस राहिला. त्या सकाळी तो उठायच्या आत मी दिवाण सरकवला. माग सुरू होते. टीव्हीच्या मागं हात घालून चाचपलं, पेन ड्राइव्ह जागेवर होता. मी रिमोट दाबला आणि माझ्या ठरलेल्या जागी, मागं, जरा उजवीकडे जाऊन उभी राहिले.

पडदाभर आई आली.

निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता. टेलिफोन ऑफिसात बोर्डासमोर खुर्चीत बसलेली, गळ्यात हेडफोन, एका हातात वायर. कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवून बघतेय. मी रिमोट पुन्हा दाबला. पुन्हा तोच फोटो. त्याच्यापुढं काही नव्हतं आणि मागंही काही नव्हतं.

"उठलीस?" शिरीष डोळे चोळत दारात आला. "छान आलाय ना? फ्रेम संध्याकाळी मिळेल म्हणालाय."

"यातला व्हिडिओ कुठाय?"

"कुठला?"

"ताय-चीचा."

"अगं तो... आईचा फोटो घालून न्यायला हाच पेन ड्राइव्ह घेतला होता मी. स्टुडिओवाल्याच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह वाचता येईना. म्हणाला पुसून घ्यावा लागेल. मी म्हटलं पुसा." माझ्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "ताई, काय झालं? कॉपी नाहीये माझ्याकडे, पण तो नेटवर आहे गं. मी देतो ना लावून. काय एवढं!"

मी रिमोट खाली ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. तो माझ्यामागं आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा.

"चल," तो म्हणाला. "आत्ता लावतो. माझ्या मोबाइलवर नेट बरं चालतं. चल ना."

त्यानं मोबाइल टीव्हीला जोडला. करडी भिंत आली, पांढरे कपडे आले, बासरी आली. तेच मास्तर. शिरीष दिवाणावर बसला आणि मी माझ्या जागी उभी राहिले. त्याच्यादेखत करायला मला अवघडल्यासारखं वाटत होतं, पण त्याचं तोंड इतकं पडलं होतं की नाही म्हणवेना.

साडी काढून झाली. नको-नको म्हणत मी मागं सरले. कळशी धरली आणि थांबले.

मास्तर थांबले नाहीत.

त्यांनी कळशी धरली न धरली, तोच त्यांचे हात संथपणे उलगडले. पुढं गेले, मागं आले, कुणाला तरी अदबीनं वाट करून द्यावी तसे बाजूला झाले, आणि मग कंबरेतून, पानावरचा थेंब सरकावा तसे ते सावकाश दुसऱ्या बाजूला वळले. तिथं गर्रकन काही नव्हतं. घाई नव्हती. हे सगळं मी कधीच बघितलं नव्हतं. मी कळशी धरून उभीच होते आणि ते माझ्यापासून दूर निघून चालले होते.

"बघ," शिरीष मागून म्हणाला. "हा असा आहे खरा. त्या जुन्या फाइलमध्ये इथं चित्र अडकायचं. तुम्हाला वाटायचं ते थांबलेत."

"अडकायचं?"

"अगं खराब कॉपी होती ती. दिवाळीत मी आलो होतो ना, तेव्हा बघितलं. तुम्ही दोघी आपल्या मध्येच खांबासारख्या उभ्या. आणि मग भोवऱ्यासारख्या फिरलात." त्याला हसू आलं आणि त्यानं ते आवरलं. "तू आंघोळीला गेलीस तेव्हा म्हटलं आईला, ही फाइल अडकते, दुसरी आणून देतो."

"मग?"

"मला माहितेय, म्हणाली."

मी हात खाली घेतले.

"तिला माहीत होतं?"

"जन्म बोर्डावर काढलेली बाई. अडकलेली लाइन तिला कळणार नाही?"

"मग दुसरी का नाही आणलीस?"

"नको म्हणाली ना. मी दोनदा म्हटलं. म्हणाली, असू दे रे. नवी आणू नकोस." शिरीषनं मोबाइल उलटा करून दिवाणावर ठेवला. पडद्यावर मास्तर शेवटाला आले होते, हात सावकाश खाली सोडत होते. "म्हणाली, तिथं ती थांबते."

मागचा कारखाना चालू होता. काचा थरथरत होत्या. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही.

"तू, गं," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल म्हणत होती."

संध्याकाळी त्यानं फ्रेम आणून भिंतीला लावली आणि रात्रीच्या गाडीची बॅग भरली. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "चल ना माझ्याबरोबर. थोडे दिवस. एकटी काय करणार इथं?"

"कॉलेज आहे."

"रजा काढ."

"बघते."

"म्हणजे नाही." त्यानं बॅग खांद्याला लावली. "आईपण असंच 'बघते' म्हणायची. मोबाइलमध्ये तुझ्या तो व्हिडिओ उतरवून ठेवलाय. नेट नसलं तरी चालेल. न अडकणारा आहे."

"बरं."

"ताई," तो दारातून म्हणाला, "चुकलं का गं माझं? ते पुसलं ते?"

"नाही रे," मी म्हणाले. "पोचलास की फोन कर."

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. कारखाना गेला, तिथं लग्नाचं कार्यालय झालं. पण शिरीष पुण्याला परतला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला अजून तशीच्या तशी दिसते.

मी दिवाण सरकवला. चहाबरोबर पुस्तक उघडलं नव्हतं. खुंटीला आईचा पोपटी ड्रेस होता, तो तिथंच राहू दिला. मोबाइल टीव्हीपाशी शोकेसच्या कडेला उभा केला. एवढ्याशा पडद्यावर मास्तर नखाएवढे दिसत होते. मी माझ्या जागी उभी राहिले. पुढं तिची जागा होती, फरशीचा तो चौकोन, जिथं सकाळचं ऊन तिच्या टाचांवर पडायचं. आता ते सरळ फरशीवर पडलं होतं.

बघायला पुढं कुणाची पाठ नव्हती. तरी हात गेले. साडी निघाली. मी नको-नको म्हणत मागं सरले, एकदा टाचेवरचा भार हलला, आणि धरायला कुणी नव्हतं, पण मी पडले नाही.

कळशी धरली.

मास्तरांचे हात उलगडले. ते पुढं गेले, बाजूला झाले, सावकाश वळले. मी त्यांना जाऊ दिलं. भार एका पायावर घेतला, दुसऱ्याची बोटं टेकवली, आणि थांबून राहिले. बासरी चालू होती. मागच्या भिंतीतून मागांचा आवाज येत होता. हात भरून यायला लागले, मग दंड, मग खांदे. मास्तरांचं सगळं करून झालं, त्यांनी हात जोडले, पडदा काळा झाला. बासरी थांबली.

मी कळशी सोडली नाही.

"नाही लागत," मी म्हणाले.

मागांच्या खटखटाटात मलाच ते नीट ऐकू आलं नाही. म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, बोर्डावरच्या बाईला दूरच्या गावाहून ओरडून सांगावं तसं.

"नाही लागत झोप, आई! तिकडं होते तेव्हापासून नाही लागत. तिकडं मी रात्रभर दाराकडे बघत जागी असायचे, तो कधी येईल आणि कसा येईल म्हणून. इथं तुझं घोरणं ऐकत जागी असायचे. घोरायचीस तू. इथलं जागणं मला आवडायचं, आई."